एका शब्दावर काढलेले दिवस

अकरा दिवस बीडच्या दवाखान्यात काढून आमचे हे घरी आले, तेव्हा त्यांच्या तोंडात एकही शब्द नव्हता. पाणी हवं असलं तरी "अँ", उशी टोचत असली तरी "अँ", आणि मला कळलं नाही की कपाळाला आठ्या. ज्या माणसानं तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, ज्याचं "पुढं सरका" भरल्या गाडीत ड्रायव्हरपासून मागच्या बाकापर्यंत एका दमात पोचायचं, त्याची ही गत झाली होती.

मी नेकनूरला अंगणवाडी सेविका आहे. लेकरं बोलायला कशी शिकतात ते मी रोज बघते. आधी "आई", मग "दे", आणि "नको" तर फार लवकर. त्यामुळे माझी अशी समजूत होती की मोठ्या माणसाचं बोलणं गेलं तर ते याच क्रमानं परत येत असेल. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नाही, म्हणून उजवा हात, उजवा पाय आणि वाचा. बाकी समजतं सगळं, बहुतेक.

"बहुतेक म्हणजे किती?" मी विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि ते पुढच्या खाटेकडे गेले. माझी ही खोड जुनी आहे. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, लग्न झाल्यापासून मला वकिलीणबाई म्हणतात, आणि ते काही कौतुकानं म्हणत नाहीत.

दवाखान्याच्या व्हरांड्यात माझ्याजवळ एक बाई बसायची, तलवाड्याकडची. तिचाही नवरा आतच होता. तिनं गावच्या देवीला नवस बोलला होता. एकदा तिनं मला विचारलं, "तुमी काय बोललाव?"

"आमच्यात नवस नसतो," मी म्हणाले.

तिला माझी कीव आली. खरं सांगते, त्या घटकेला मलाही माझी कीव आली. आम्ही बौद्ध. माझ्या आजेसासऱ्यांनी धम्म घेतला तेव्हाच घरातले देव, टाक, अंगारे सगळं सुटलं. माझ्या माहेरीही तेच. नवसात काही नसतं हे मी स्वतः दहाजणींना पटवून दिलेलं आहे. पण त्या बाईकडे करण्यासारखं काहीतरी होतं, आणि मी नुसती मांडीवर हात ठेवून बसले होते. मग राहवेना म्हणून मी तिला सगळं विचारून घेतलं. नवस मोठ्यानं बोलायचा का मनात? दुसऱ्यानं बोललेला चालतो का? आणि माणूस अर्धाच बरा झाला तर?

तिनं अगदी मन लावून उत्तर दिलं, "अर्धा बरा झाला तरी फेडायचा पुरा. देवीसंगं घासाघीस न्हाई चालत."

मला हसू आलं, आणि किती दिवसांनी आलं म्हणून लगेच रडूही आलं. नवस मात्र मी बोलले नाही. कुणाला बोलायचा हेच मला ठरवता आलं नसतं.

घरी आल्यावर सगळे धावून आले. मुलगा आणि सून पुण्याहून येऊन दोन दिवस, रजा संपेपर्यंत राहिले. धाकटे दीर रोज सकाळी येऊन यांना उचलून बसवायचे, अंघोळ घालायचे. माझी अंगणवाडी बघून झाली की दुपारपासून मी. आणि दिवसभर खाटेशेजारी आत्याबाई. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, अक्षरओळख नाही, पण वंदना अथपासून इतिपर्यंत तोंडपाठ. आमच्या घरी रोज दिवेलागणीला बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून वंदना होते. एकजण पुढे म्हणतो, बाकीचे मागून. पूर्वी पुढे म्हणायचे ते हे. विहारात पौर्णिमेलाही यांचाच आवाज पुढे असायचा.

घरी आल्याच्या चौथ्या दिवशी आत्याबाई म्हणाल्या, "मूर्ती हितं आना. खाटंपशी करू."

स्टुलावर मूर्ती ठेवली. आत्याबाईंनी पहिली ओळ म्हटली. मी मागून म्हटली. दुसऱ्या ओळीला मला जाड, घोगरा असा तिसरा आवाज ऐकू आला. मला वाटलं दीर आले. वळून बघते तर दारात कुणी नाही. हे म्हणत होते. डोळे मिटलेले, डावा हात छातीवर, आणि पालीतला एकेक शब्द स्वच्छ. तीन शरणं झाली, पाची शिलं झाली, एकही अक्षर गळलं नाही. आत्याबाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण त्यांनी मध्ये थांबून बघितलं नाही की आवाज चढवला नाही. शेवटपर्यंत त्याच लयीत म्हणत राहिल्या.

संपल्यावर मात्र माझा ताबा सुटला. दिरांना हाक मारली, मुलाला व्हिडिओ कॉल लावला, आणि ऐकणाऱ्यांनी गल्लीभर करून टाकलं की आत्याबाईंचं लेकरू बोलाय लागलं. घटकाभरात खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. मी खाटेवर वाकले आणि विचारलं, "अहो, पाणी देऊ का?"

यांनी माझ्याकडे बघितलं, दम घेतला आणि म्हणाले, "गच्छामि."

दिरांनी विचारलं, "दादा, मी कोन?"

"गच्छामि."

त्या दिवसापासून यांना एक शब्द मिळाला आणि तो सगळीकडे चालू लागला. चहा हवा, गच्छामि. पंखा बंद करा, गच्छामि. सून व्हिडिओवर दिसली की हसून गच्छामि, आणि मी औषधाची गोळी पुढे केली की दात खाऊन गच्छामि. सुरुवातीला मला बरं वाटलं. "अँ"पेक्षा शब्द बरा. मी त्याचे प्रकारही ओळखायला शिकले. लांबवलेला म्हणजे पाठ खाजवा, तुटका म्हणजे लघवी, आणि दोनदा म्हटला की आत्याबाई कुठे आहेत. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. त्या शब्दाचा अर्थ मला लहानपणी वडिलांनी सांगितला होता, जातो. शरण जातो, असं पुरतं म्हटलं की मन निवतं. नुसतंच "जातो, जातो" असं नवरा खाटेवरून दिवसभर म्हणत राहिला की ऐकवत नाही.

गल्लीतल्यांना मात्र त्यात वेगळंच दिसू लागलं. त्याला सुरुवात केली आमच्या चुलत सासऱ्यांनी. ते विहाराचं सगळं बघतात, त्यांच्या शब्दाला मान आहे. ते तासभर यांच्यापाशी बसले, यांच्याबरोबर वंदना म्हटली, आणि उठताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "याच्या तोंडात आता धम्माबिगर दुसरं काई उरलं न्हाई. असं कुणाला मिळतं का?"

झालं. आधी लोक आजारी माणसाला बघायला यायचे, केळी आणि बिस्किटाचे पुडे घेऊन. आता ते यांच्याजवळ बसायला येऊ लागले. आजूबाजूच्या गावांतून म्हाताऱ्या बाया एसटीनं यायच्या, पांढरं लुगडं नेसून. "चला दादा, म्हना," असं म्हटलं की हे डोळे मिटून सुरू करायचे. दिवसातून पाच-पाच वेळा वंदना व्हायची. बाया डोळे पुसत उठायच्या आणि मला सांगायच्या, "लई शांत वाटलं बगा." मी चहा करून करून दमले होते. मला शांत वाटत नव्हतं.

कारण मी दुसरंच बघत होते. आधी पाण्यासाठी हे किती धडपडायचे. मानेची शीर फुगायची, ओठ वेडेवाकडे व्हायचे, डोळ्यांत पाणी यायचं, पण शब्द शोधायचे. आता शोधणं बंद झालं होतं. एक शब्द टाकला की काम होत होतं, वर मान मिळत होता. माझ्या अंगणवाडीत अशी लेकरं असतात. ज्या घरात आजी बोटावरून सगळं ओळखते, ते लेकरू तीन वर्षांचं झालं तरी बोलत नाही. मला हवा होता माझा नवरा, भाजीत मीठ कमी पडलं की ताट सरकवणारा, कुणाशी काय बोललीस म्हणून मला टाकून बोलणारा. तो रोज थोडा थोडा हातून चालला होता, आणि घरात सगळे त्याला नमस्कार करत होते.

शिवाय कुतूहल मला झोपू देत नव्हतं. एकदा मी यांचं जुनं, तिकिटाला भोक पाडायचं चिमट्यासारखं पंच कपाटातून काढून हातात दिलं. यांनी ते डाव्या हातानं अचूक धरलं, अंगठ्यानं कटकट वाजवलं. "हे काय हाय?" मी विचारलं. गच्छामि. तीस वर्षांत लाखवेळा म्हटलेलं "तिकीट" कुठे गेलं, आणि रोज एकदाच म्हटलेली वंदना कशी राहिली? हा प्रश्न मी अंगणवाडीच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून ठेवला आणि दिरांच्या मदतीनं यांना घेऊन बीडला वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे गेले.

बाई कसल्या, माझ्या सुनेच्या वयाची मुलगी होती. तिनं न कंटाळता सांगितलं. पाठ केलेलं, लयीत म्हटलेलं मेंदूतून वेगळ्या वाटेनं येतं. काहीजणांना नुसते आकडे म्हणता येतात, काहीजणांना शिव्या. त्यात माणूस शब्द निवडत नाही, ते आपोआप येतात.

"मग म्हणतात ते त्यांना कळतं का?"

"कळत असेल. मला नाही सांगता येणार. तेच सांगू शकतील कधीतरी." मग तिनं पेन खाली ठेवलं. "काकू, रागावू नका. मघापासून मी काकांना पाच प्रश्न विचारले. पाचही उत्तरं तुम्ही दिलीत."

मी रागावलेच. परतीच्या एसटीत पाली गावच्या उतारापर्यंत मी तिच्यावर रागावलेली होते, आणि तिथून नेकनूरपर्यंत स्वतःवर. हे खिडकीशी बसून बाहेर बघत होते. आणि मनात आणखी एक प्रश्न आला, त्याचं उत्तर आजही मला माहीत नाही. यांची वंदना जर आपोआप येत असेल, तर माझी कुठून येते? लहानपणापासून मी ती म्हणत आलेय, आणि निम्म्या वेळा माझं लक्ष चुलीवरच्या वरणात असतं.

त्या मुलीनं नेमकं सांगितलं होतं. दिवसभर "गच्छामि" चालवून घ्यायचं नाही. जे हवं त्याचं नाव येईपर्यंत थांबायचं. मध्ये बोलायचं नाही. आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी वंदना म्हणून घेणं काही दिवस बंद.

घरी येऊन मी हे सांगितलं आणि आत्याबाई भडकल्या. "वंदना बंद कर म्हनती? कोन हाय ती? एवडं एक ऱ्हायलंय लेकराच्या तोंडात, ते बी काडून घ्यायचं?"

"एवढंच राहील मग जन्मभर!"

"ऱ्हाऊ दे! चांगलं हाय ते!"

मग मी बोलू नये ते बोलले. मी म्हणाले, "तुमाला पोरगं नकोच हाय. मूर्ती पायजे." पुढचे दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, माझ्या हातचं जेवल्या मात्र. मला लाज वाटत होती, पण माफी मागायला तोंड उघडेना. हेही घरातलं आश्चर्यच.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा आत्याबाईंनी केला. कप-बशी घेऊन त्या खाटेशी गेल्या. यांनी डावा हात पुढे केला आणि म्हणाले, "गच्छामि."

आत्याबाईंनी कप दिला नाही. "च्या म्हन," त्या म्हणाल्या.

"गच्छामि."

"न्हाई. च्या म्हन."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. माझ्या जिभेवर तो शब्द नाचत होता, म्हणून मी तोंडात पदर धरला. यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी मान भिंतीकडे फिरवली. आत्याबाई हलल्या नाहीत. चहावर साय धरली. आईनं लेकाला चहासाठी असं ताटकळत ठेवावं, हे या घरात कधी झालं नव्हतं, आणि आत्याबाईंच्या चेहऱ्याकडे मला बघवत नव्हतं. मग यांनी मान वळवली. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

"च... च्... च्या."

आत्याबाईंनी कप दिला. यांनी तो थंडगार चहा एका दमात पिऊन टाकला आणि आईकडे रागानं बघितलं. आत्याबाई स्वयंपाकघरात आल्या, पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "दिवेलागनीची वंदना मी सोडनार न्हाई. एक येळची. बाकी दिसभर तू म्हनशील तसं."

चुलत सासऱ्यांनाही त्यांनीच दारात गाठून सांगितलं की पोरगं बोलाय शिकतंय, आता गर्दी नको. ते दुखावले. "चांगल्या वाटंला लागलेला मानूस तुमी वढून मागं आनाय लागलाव," ते म्हणाले. मी उत्तर द्यायला पुढे सरकले होते, पण आत्याबाईंनीच दिलं, "व्हय. वढूनच आनायचाय."

शब्द आले, पण कुठल्याही क्रमानं नाही. "च्या"नंतर "न्हाई" आलं, आणि मग दोन दिवस घरात "न्हाई"चा धुमाकूळ. त्यानंतर "मीठ". मी अंगणवाडीतला चित्रांचा तक्ता आणून भिंतीवर लावला, तर लेकरांचा म्हणून यांनी तो मला काढायला लावला, आणि मला ते पटलं. आठवडाभर चष्म्याला "खिडकी" म्हणत होते. एकदा मी बाजारातून उशिरा आले तर एकदम पुरतं वाक्य, "कुटं गेलती?" मी पिशवी तिथंच टाकली आणि दिरांना बोलवायला पळाले, ते येईपर्यंत वाक्य गेलं होतं. मी सगळं रजिस्टरच्या मागच्या पानांवर लिहीत गेले. काठी घेऊन हे विहारापर्यंत चालू लागले. चुलत सासरे आधी जरा आखडून होते, मग तेच यांच्या शेजारी बसायला जागा धरून ठेवू लागले.

आठेक महिने झाले असतील. एका दुपारी आत्याबाई आत पडल्या होत्या आणि आम्ही दोघं ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. हे एका हातानं फोडतात, फरशीवर तळव्यानं दाबून. इतके दिवस दाबून ठेवलेला प्रश्न मी विचारला.

"अहो, त्या दिसांत तुमी सारखी वंदना म्हनायचाव. तवा तुमच्या मनात काय असायचं?"

माझ्या मनात उत्तर तयार होतं. इतक्या लोकांना यांच्याजवळ बसून शांत वाटलं होतं, तर यांना किती वाटत असेल. हे थांबले. शेंग हातात तशीच. शब्द शोधू लागले की यांची नजर वरच्या पत्र्याकडे जाते, तशी गेली. मी ओठ घट्ट मिटून बसले.

"भ्या," ते म्हणाले.

मला वाटलं चष्म्याची खिडकी झाली तसा भीतीचा शब्द चुकून आला असेल. पण यांनी मान हलवली आणि पुन्हा सुरुवात केली. "ह्ये बी... जाईल. म्हनून... म्हनत ऱ्हायलो."

इतकी माणसं यांच्या खाटेपासून निवांत होऊन घरी गेली. प्रत्येक "गच्छामि"चा अर्थ मला लागतो म्हणून मी मनात मिरवत होते. हा मला लागला नव्हता. मी पुढची शेंग उचलली.

"तुला?" हे म्हणाले.

"मला काय?"

"तुला... न्हाई वाटलं? भ्या?"

बोलणं गेल्यापासून यांनी दुसऱ्या कुणाच्या मनातलं विचारलं, ते हे पहिल्यांदाच. आठ महिन्यांत शेकड्यानं माणसं येऊन गेली. त्यांनी यांचा हात विचारला, पाय विचारला, गोळ्या विचारल्या, रक्तदाब विचारला. मला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारायला मी कुणाला जागाही ठेवली नव्हती.

"वाटलं," मी म्हणाले. "लई वाटलं. अजून वाटतं."

मांडीवरची टरफलं खाली सांडली आणि मी रडायला लागले, आत्याबाई जाग्या होतील याची पर्वा न करता. यांनी रडू नको म्हटलं नाही. तो शब्द सापडला नसेल, किंवा म्हणायचाच नसेल. थोड्या वेळानं म्हणाले, "मग... सांग."

आणि जिचं तोंड कधी मिटत नाही असं सगळी गल्ली म्हणते, तिला सुरुवात कुठून करावी तेच सुचेना. हे माझ्याकडे बघत बसून राहिले. त्यांना घाई नव्हती.